कोळसेवालीचा डबा

१

वारलेल्या बायकोचं कपाट रिकामं करायला सर्व्हेअर तिच्या लॅबमध्ये गेला, आणि तिथं त्याला कळलं की ती लबाड ठरली आहे.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्याला उन्हात ताटकळत ठेवलं. आत फोन केला, पुन्हा केला, आणि शेवटी हातानंच जा म्हणून खूण केली. पूर्वी सर्व्हेअर बायकोला न्यायला यायचा तेव्हा हाच माणूस त्याला स्वतःची खुर्ची द्यायचा. आत कुणी मान वर केली नाही. बायकोच्या कपाटाला दुसऱ्याचं कुलूप होतं. तिच्या वस्तू एका खोक्यात कोंबून जमिनीवर ठेवल्या होत्या. स्वेटर, चष्म्याचं घर, पाण्याचा स्टीलचा पेला. पेल्यात कुणीतरी पेन्सिलीचा भुगा टाकला होता. सर्व्हेअरनं पेला पालथा केला, रुमालानं पुसला आणि परत खोक्यात ठेवला.

तेवढ्यात लॅबच्या प्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, त्याला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. बाईंनी गाडीसाठी बनवलेल्या डब्याची शेवटची चाचणी झाली आणि डबा सपशेल नापास झाला, असं त्यांनी सांगितलं. पण दुखणं वेगळंच होतं. चाचणीआधी डब्याचं वजन केलं, तर बाईंनी नोंदवलेल्या वजनापेक्षा तो चांगलाच जड भरला. म्हणजे आधीच्या चाचण्यांत बाईंनी पास करून दाखवला तो डबा हा नव्हेच. तो कुठला तरी वेगळा, गुपचूप बनवलेला. गाडीला मात्र हा भलताच लावून ठेवला.

"संध्याकाळी गाडीच्या कंपनीला पत्र जाईल," साहेब म्हणाले. "बाईंनी फसवलं असं त्यात असेल. लॅबनं नाही."

"तिचं नाव घालून?"

"मग कुणाचं घालू? तुमचं?"

सर्व्हेअरचं सगळं आयुष्य जळालेल्या आणि आपटलेल्या गाड्या तपासण्यात गेलं होतं. विमा कंपनी पाठवेल तिथं जायचं आणि चूक कुणाची ते सांगायचं. अपघातात मेलेला ड्रायव्हर किती जणांच्या सोयीचा असतो, हे त्यानं पुष्कळदा पाहिलं होतं. त्यानं शांतपणे सांगितलं की त्याला डबा बघायचा आहे. इथं बघू दिला नाही, तर गाडीच्या कंपनीच्या दारात जाऊन तो हेच मागेल.

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग ते म्हणाले, संध्याकाळपर्यंत काय बघायचं ते बघा.

सर्व्हेअर दाराशी पोचला तेव्हा त्यांनी मागून आवाज दिला. "आणि आमच्यावर खापर फोडू नका. डब्याचं वजन केलं तेव्हा तुमचा मेहुणा तिथंच उभा होता. बाईंचा सख्खा भाऊ, आमचाच ड्रायव्हर. त्यानं चकार शब्द काढला नाही."

२

लॅबमध्ये बायकोला सगळे कोळसेवाली म्हणायचे. तोंडावर बाई, पाठीमागे कोळसेवाली. तिला ते ठाऊक होतं. घरी येऊन हसायची.

तिचं काम तिनं सर्व्हेअरला लग्नानंतर लगेचच समजावलं होतं. गाडी नुसती उन्हात उभी असली तरी टाकीतलं पेट्रोल उडत असतं. त्याची वाफ कुठंतरी जाणारच. बाहेर सोडली तर ती माणसांच्या नाकात जाते, आणि तिच्यात रक्त नासवणारं विष असतं. म्हणून टाकीच्या वरून एक नळी काढायची आणि ती कोळशाचे बारीक दाणे भरलेल्या डब्यात सोडायची. कोळसा वाफ पिऊन धरून ठेवतो. इंजिन सुरू झालं की तीच वाफ ओढून घेतं आणि जाळून टाकतं. असे डबे जुनेच. हिनं तो अधिक वाफ धरणारा आणि अधिक दिवस टिकणारा बनवला होता.

तिच्या बापानं जन्मभर पंपावर पेट्रोल भरलं आणि त्याचं रक्त खराब झालं. डॉक्टरनं वाफेला दोष दिला. मग हिनं ठरवलं ते ठरवलं. पुढं तिचंही रक्तच बिघडलं. का, ते कुणी सांगू शकलं नाही. शेवटच्या दिवशी तिची आई लांबच्या गावाहून येऊन पोचली आणि डोक्याला फडकं बांधून लेकीचे पाय धरून बसली. डोकं फुटतंय, पण मी इथून हलणार नाही, म्हणाली. तेव्हापासून सासूबाई सर्व्हेअरच्याच घरी होत्या. दोघं जेवायला समोरासमोर बसत आणि फारसं बोलत नसत.

आता बायकोच्या खुर्चीत नवी इंजिनीअर बसली होती. तिनंच शेवटची चाचणी घेतली होती. सर्व्हेअरनं विचारायच्या आधीच तिनं सांगून टाकलं की कोळसेवालीनं तिला सगळ्यांसमोर दोनदा रडवलं होतं, आणि ती मेली म्हणून खोटं गोड बोलणं आपल्याला जमणार नाही.

"तिनं सगळ्यांनाच रडवलं असेल," सर्व्हेअर म्हणाला. "मला वजनाचं सांगा."

तिनं सांगितलं. वजनाचा काटा तपासून घेतला होता. गाडीचा डबा काढला, ठेवला, जड. कोळसा बदलला असेल, नाहीतर डबाच. तिसरं काय असणार? मग नियमाप्रमाणं चाचणी घेतली. गाडी बंद खोलीत उभी केली. या खोलीची दारं लागली की हवासुद्धा आत येत नाही आणि बाहेर जात नाही. खोली दिवसासारखी हळूहळू तापवायची, रात्रीसारखी थंड करायची, आणि गाडीतून किती वाफ सुटली ते मोजायचं. या वेळी एवढी सुटली की खोलीचा भोंगा वाजला.

"आत दुसरं कुणी गेलं होतं?"

ती पहिल्यांदा अडखळली. मग तिनं खालच्या आवाजात सांगितलं की आदल्या संध्याकाळी तिनं लॅबच्या खरेदीवाल्याला त्या खोलीतून बाहेर पडताना पाहिलं होतं. त्याच्या हातातल्या फडक्याला थिनरचा वास येत होता.

३

खरेदीवाल्याला लॅबमध्ये स्वस्तराव म्हणत. कुठलीही वस्तू दाखवा, तो म्हणणार, हीच दुसरीकडं स्वस्तात मिळते. कोळसेवालीच्या डब्याऐवजी बाजारातला लहान डबा घ्यावा म्हणून तो वर्षभर साहेबांच्या मागं लागला होता. ती त्याला भर बैठकीत म्हणाली होती की तुमच्या घरची तिरडीसुद्धा तुम्ही स्वस्तातलीच आणाल.

सर्व्हेअर नव्या इंजिनीअरला घेऊन समोर येताच तो उसळला. "या. मला धरायला आलात ना? धरा. तुमच्या बायकोनं मला इथं तोंड वर काढू दिलं नाही, आता तुम्ही या उरलेलं करायला."

थिनरचं तो कबूल झाला. खोलीच्या दाराच्या रबरावर चिकट डाग होता, तो पुसायला गेलो होतो, म्हणाला. पुसताना थोडं सांडलंही असेल. त्या खोलीत कुणी अत्तर लावूनही जात नाही, हे कोळसेवालीनं सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. ते याला माहीत नसणं शक्य नव्हतं.

नव्या इंजिनीअरचा चेहरा उजळला. सापडला, असं ती म्हणाली नाही, पण तिला तसं वाटलं होतं, हे दिसत होतं.

सर्व्हेअरनं तिच्याकडून चाचणीचा आलेख मागून घेतला आणि टेबलावर पसरला. रेघ सुरुवातीला जवळजवळ सपाट होती. खोली तापत गेली तशी ती चढत गेली, आणि थंड व्हायला लागली तशी थांबली.

"थिनर सांडलं असतं तर ते कधी उडालं असतं?" त्यानं विचारलं.

"लगेच," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं. थिनर दारं लागताच उडून गेलं असतं. रेघ पहिल्यालाच झपकन वर गेली असती आणि मग आडवी झाली असती. ही रेघ उष्णतेबरोबर चढली होती. म्हणजे वाफ टाकीतलीच होती, आणि डब्यानं ती धरली नव्हती.

स्वस्तराव मोठ्यानं हसला. म्हणजे बघा, म्हणाला, मी सुटलो आणि तुमची बायको अडकली. डबाच नासका होता, हे आता तुम्हीच सिद्ध केलंत.

४

डबा साहेबांच्या कपाटात कुलपात होता. सर्व्हेअरनं तो सगळ्यांसमोर कापायला सांगितला. साहेब म्हणाले, कापला की पुरावा गेला. सर्व्हेअर म्हणाला, कापला नाही तर पुरावा आहेच कुठं?

वर्कशॉपमधल्या फिटरनं करवतीनं डबा उभा चिरला. सर्व्हेअर वाकला. बायकोच्या हातचा स्वयंपाक आता खायला मिळणार नव्हता. हा डबा तेवढा तिच्या हातचा उरला होता, आणि तोही त्यानंच कापायला लावला होता. कोळशाचे दाणे सुटे, कोरडे असायला हवेत. इथं अर्ध्या डब्यात ते ओलसर होऊन एकमेकांना चिकटले होते. त्यानं एक ढेकूळ उचललं आणि नाकाशी नेलं.

पेट्रोल. वाफ नव्हे, पातळ पेट्रोल. त्यातला हलका भाग उडून गेला होता आणि जड, तेलकट भाग कोळशात मुरून बसला होता. असा भिजलेला कोळसा वाफ धरू शकत नाही.

"हे तुमचं जास्तीचं वजन," तो नव्या इंजिनीअरला म्हणाला. "डबा बदलला नाही. कोळसाही बदलला नाही. तोच डबा पेट्रोल पिऊन बसलाय."

ती खुर्चीवर बसली. काट्यावर डबा जड भरला तेव्हा तो उघडून वास घ्यायचं तिला सुचलं नव्हतं. कोळसेवाली खोटी निघावी, एवढंच तिला हवं होतं, आणि तिनं ते कबूलही केलं. आवाज मात्र अजून कडूच होता.

साहेब म्हणाले, मग कुणीतरी मुद्दाम ओतलं. आणि त्यांनी स्वस्तरावाकडं पाहिलं. स्वस्तरावानं नव्या इंजिनीअरकडं बोट दाखवलं. खुर्ची हिलाच मिळाली ना? दोघं असे भांडायला लागले की फिटर करवत घेऊन बाजूला सरकला.

सर्व्हेअर त्या भांडणात पडला नाही. तो डब्याच्या दोन तोंडांकडं पाहत होता. एक तोंड टाकीकडच्या नळीचं, दुसरं बाहेरच्या हवेचं. बाहेरून कुणी ओतलं असतं तर हवेच्या तोंडाकडचा कोळसा भिजला असता. तो कोरडा होता. टाकीच्या तोंडाकडचा भिजला होता. पेट्रोल डब्यात कुणी ओतलं नव्हतं. ते टाकीतून चढून आलं होतं.

आणि लॅबमध्ये टाकी कधीच अर्धीसुद्धा भरत नसत, हे बायकोनं त्याला सांगितलं होतं.

५

चाचणीच्या गाड्या मागच्या अंगणात उभ्या असत. त्या मेहुण्याच्या ताब्यात होत्या. तो लॅबचा ड्रायव्हर. अंत्यविधीनंतर तो सर्व्हेअरशी बोलला नव्हता. ताईला मोठ्या हॉस्पिटलात हलवा, असा त्यानं हट्ट धरला होता. तिला स्वतःलाच जायचं नव्हतं, पण सर्व्हेअरनंच तिला नेलं नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"दाजी, खोकं घ्या आणि घरी जा," सर्व्हेअरला पाहून तो म्हणाला. "इथं काय उकरताय?"

सर्व्हेअरनं विचारलं, ताईवर आळ आला तेव्हा तू गप्प का बसलास? मेहुणा म्हणाला, तिथं सगळे शिकलेले. माझं कोण ऐकणार? मग सर्व्हेअरनं पेट्रोल कसं भरता ते विचारलं. त्याचं उत्तर लगेच आलं. पिंपातून हातपंपानं, मापून. टाकीवर खूण आहे, तिथपर्यंतच.

गाडीच्या मीटरवर बरंच अंतर दिसत होतं. त्याचंही उत्तर मेहुण्याकडं होतं. चाचणीआधी गाडीची पुढची चाकं गोल फिरणाऱ्या लोखंडी रुळांवर ठेवून तिला जागच्या जागी पळवतात. मीटर फिरतं, गाडी हलत नाही. ताई आजारी पडल्यापासून ही गाडी अंगणाबाहेर गेलेली नाही, असं तो ठामपणे म्हणाला.

सर्व्हेअर गाडीभोवती फिरला. मग सवयीनं खाली बसला. गाडी आधी टायर बोलते, मग मालक, असं तो नव्या पोरांना शिकवायचा. पुढचे टायर रुळांवर घासून गुळगुळीत आणि स्वच्छ झाले होते. मागच्या टायरच्या खाचांत बारीक खडी अडकली होती. त्यानं किल्लीच्या टोकानं एक खडा काढला. त्याला डांबर चिकटलेलं होतं.

रुळांवर मागची चाकं फिरतच नाहीत. अंगणात सगळं काँक्रीट. ही गाडी रस्त्यावर गेली होती. डांबर घालायचं काम चाललेल्या रस्त्यावर, आणि बरीच लांब.

तो उठला तेव्हा मेहुणा त्याच्या हातातल्या खड्याकडं पाहत होता. मग मेहुणा तोंड फिरवून निघून गेला. बायको आजारी होती त्या आठवड्यांत डांबराचं काम चाललेला एक रस्ता सर्व्हेअरला माहीत होता. त्याच रस्त्यावर सासूबाईंचं गाव होतं.

६

त्यानं घरी फोन लावला. सासूबाईंनी नेहमीसारखंच, जेवायला येणार की नाही तेवढं सांगा, असं विचारलं. सर्व्हेअरनं विचारलं, हॉस्पिटलमध्ये तुम्ही आलात त्या दिवशी कुणाच्या गाडीनं आलात?

मुलाच्या मित्राच्या, त्या म्हणाल्या. का हो, जावईबापू?

गाडी कशी होती?

काय सांगू तुम्हाला, त्या म्हणाल्या. सीटपाशी नुसत्या वायरी लोंबत होत्या, पायात यायच्या. आणि वाटभर पेट्रोलचा वास. काचा उघड्या ठेवल्या तरी डोकं फुटायची वेळ आली. म्हणून तर मी फडकं बांधून बसले होते ना?

वायरी मित्राच्या गाडीत नसतात. मापं घ्यायला चाचणीच्या गाडीत लावतात. आणि वास येतो तो डबा पेट्रोलनं भरून वाहायला लागला की.

सर्व्हेअरला एक जुनी सहल आठवली. मेहुणा गाडी चालवत होता. पंपावर नोझल खट् करून बंद पडलं, तरी तो पुन्हा पुन्हा दाबत होता आणि दुसऱ्या हातानं गाडी गदागदा हलवत होता, म्हणजे पेट्रोल खाली बसतं आणि आणखी मावतं. दोघा भावंडांचे बाबा पंपावर गिऱ्हाइकांना असंच भरून द्यायचे. बायको मागच्या सीटवरून ओरडत होती, अरे पुरे, वरची जागा वाफेची असते, डब्यात घालशील सगळं. आणि मेहुणा म्हणाला होता, कोळसेवाली, गप्प बस. ते नाव आधी भावानंच ठेवलं होतं. लॅबमध्ये नंतर पसरलं.

सर्व्हेअरनं फोन खिशात टाकला. आता बोललं तर मेहुण्याची नोकरी जाणार. सासूबाईंचा एकच मुलगा उरला होता. न बोललं तर संध्याकाळी पत्र जाणार, आणि त्यानंतर बायकोचं नाव कुणीही घेतलं तर लबाड म्हणूनच घेणार.

तो केबिनकडं निघाला.

७

साहेब पत्रावर सही करायला बसले होते. नवी इंजिनीअर आणि स्वस्तराव एकमेकांपासून लांब उभे होते. मेहुणा दाराशी होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो आला होता.

सर्व्हेअरनं खडा टेबलावर ठेवला आणि सरळ सांगायला सुरुवात केली. डबा बदललेला नाही. जास्तीचं वजन पेट्रोलचं. थिनरचा संबंध नाही, कारण वाफ उष्णतेबरोबर वाढली. पेट्रोल बाहेरून ओतलेलं नाही, कारण बाहेरचं तोंड कोरडं आहे. ते टाकीतून चढलं. लॅबच्या हातपंपानं टाकी अर्धीही भरत नाही, म्हणजे ती बाहेरच्या पंपावर भरली, आणि नोझल बंद पडल्यावरही भरत राहिली. मागच्या टायरमधली खडी सांगते की गाडी रस्त्यावर गेली. चाचणीला पेट्रोल नेमकं खुणेवर होतं; परत आल्यावर टाकी तिथपर्यंत रिकामी केली गेली, म्हणजे करणाऱ्याला इथलं काम माहीत होतं.

"म्हणजे आमच्यातलाच कुणीतरी तुमच्या बाईंच्या वाईटावर होता," साहेब म्हणाले.

"नव्हता," सर्व्हेअर म्हणाला. "तिथंच आपण सगळे चुकलो. ज्याला डबा बिघडवायचा होता, त्यानं डब्यात ओतलं असतं. दोन मिनिटांचं काम. यानं टाकी गळ्यापर्यंत भरली. टाकी कोण भरतं? ज्याला लांब जायचंय आणि वाटेत थांबायचं नाही तो. याला डब्याचं काही करायचंच नव्हतं. डबा त्याच्या लक्षातही नव्हता."

साहेबांनी विचारलं, मग कोण? नवी इंजिनीअर म्हणाली, मला गाडी चालवता येत नाही, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. स्वस्तराव म्हणाला, मला पिंपाची किल्ली मिळत नाही, टाकी रिकामी करून ओतू कुठं? आणि मग दोघांनीही एकदमच दाराकडं पाहिलं.

मेहुणा पुढं आला. सर्व्हेअरकडं त्यानं पाहिलं नाही, साहेबांकडंही नाही. "मी नेली," तो म्हणाला. "ताई शेवटच्या घटका मोजत होती. आई गावाला. बस दुसऱ्या दिवशी सकाळची. समोर किल्ल्या टांगलेल्या होत्या. आईला आणलं. टाकी भरताना ताईनं शंभरदा सांगितलेलं एकही आठवलं नाही. हात बाबांसारखा चालला."

"आणि डबा जड भरला तेव्हा?" साहेबांनी विचारलं.

"तेव्हा कळलं."

"आणि गप्प बसलास."

"माझी नोकरी गेली असती. ताईचं काय जाणार होतं? ती तर मेलीच होती."

नव्या इंजिनीअरनं मान खाली घातली.

साहेबांनी पत्र फाडलं नाही. त्यांनी ते उलटं करून मागच्या बाजूला नवा मजकूर लिहायला घेतला. डबा निकामी झाला तो टाकी बेसुमार भरल्यानं. बाईंच्या नोंदी बरोबर. त्यांच्या आराखड्यावरून नवा डबा बनवून चाचणी पुन्हा घेतली जाईल. लिहिता लिहिता मान वर न करता ते मेहुण्याला म्हणाले, उद्यापासून येऊ नको. मग सर्व्हेअरला म्हणाले, आता तुम्हीही येऊ नका.

८

अंगणात मेहुण्यानं त्याला अडवलं.

"तुम्हाला माहीत होतं मी कशासाठी नेली."

"होय."

"तरी सांगितलंत. त्या लोकांसमोर. ताई असती तर सांगितलं असतं का तिनं?"

"तिनं तुला तिथंच कानफटवलं असतं," सर्व्हेअर म्हणाला. "आणि मग साहेबांकडं स्वतः गेली असती."

मेहुणा मारेल की रडेल ते कळेना. त्यानं दोन्हींतलं काहीच केलं नाही. आईला उद्या घेऊन जाईन, म्हणाला. तुमच्या घरात आता आमचं कुणी नको.

सर्व्हेअर खोकं घेऊन घरी आला. मेहुण्याचा फोन आधीच आला होता. सासूबाई पिशवी भरून भिंतीशी बसल्या होत्या. जेवण झाकून ठेवलं होतं, एकाच ताटाचं. मुलानं काय सांगितलं आणि काय नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

तो समोर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. डबा, खडी, टाकी. पत्र बदललं तेही. मुलाची नोकरी गेली तेही. कुठंही आवाज चढवला नाही, आणि काही झाकलंही नाही. तुम्ही जाणार असाल तर मी अडवणार नाही, असं शेवटी म्हणाला.

त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मग म्हणाल्या, "पंपावर मी गाडीतच होते. ते यंत्र खट् करून थांबलं. तो म्हणाला, आई, झालं. मी म्हटलं, भर आणखी. तुझे बाबा भरायचे तसं हलवून भर. वाटेत थांबायला लागलं आणि लेक गेली तर मी तुला जन्मात माफ करणार नाही."

त्यांनी बंद सोडून विचारलं,

"हे त्यानं सांगितलं त्या साहेबाला?"

"नाही."

"नाहीच सांगणार." त्यांनी पिशवी बाजूला सरकवली. "तुम्ही माझ्या लेकीचं नाव धुतलंत, जावईबापू. बरं केलंत. पण पोराचं एकट्याचं नाव घातलंत, ते चूक. उद्या मला तिथं न्या. त्या साहेबासमोर उभी करा. म्हणावं, हिनं भरायला लावलं. मग कुणाला काढायचं ते काढ."

"तो माणूस तुमचा अपमान करेल."

"करू दे. मी पंपवाल्याची बायको आहे. माझा रोज कुणी ना कुणी करत होतं." त्या उठल्या आणि स्वयंपाकघराकडं गेल्या. दारातून वळून म्हणाल्या, "आणि तुम्हीही या सोबत. मला त्या लोकांची भाषा कळत नाही. मी बोलेन, तुम्ही नुसते शेजारी उभे राहा."